ऑपरेटरची रेघ

हे मी लिहिणार नव्हतो. दोनदा फाइल उघडली, चार ओळी टाइप केल्या, पुसल्या आणि लॅपटॉप मिटून गॅलरीत जाऊन उभा राहिलो. असल्या गोष्टी लिहून ठेवायच्या नसतात हे आमच्याकडे कुणी शिकवत नाही, तरी सगळ्यांना माहीत असतं. पण उद्या जे व्हायचं ते होऊन जाईल, आणि एकदा झालं की मला हे जसं घडलं तसं आठवणार नाही, माझ्या सोयीनं आठवेल. म्हणून आत्ताच. सलग जमणार नाही. येईल तसं टाइप करतो.

सुरुवात एका बोटापासून झाली. रणजीतशेठच्या बोटापासून. चाकणजवळ महाळुंग्याच्या आतल्या रस्त्याला, जिथं त्यांच्या घरची ज्वारी असायची तिथं आता त्यांचं प्रेस शॉप आहे. गाड्यांना लागणारे पत्र्याचे ब्रॅकेट तिथं दिवसरात्र पडत असतात. त्या शॉपसाठी आमची कंपनी सॉफ्टवेअर बनवते आहे. कंपनी म्हणजे चिंचवडला प्लायवूडच्या दुकानावरचा मजला आणि आम्ही सात-आठ टाळकी. माझं काम असं की गिऱ्हाइकाला काय पाहिजे ते ऐकायचं आणि त्याचं चित्र करायचं. युज केस डायग्राम म्हणतात. मधे एक मोठी चौकट, ती म्हणजे सिस्टिम. चौकटीच्या आत लंबगोल, एकेका लंबगोलात एकेक काम, म्हणजे शिफ्ट सुरू करणे, डाय बदलणे, प्रेस थांबवणे. आणि चौकटीच्या बाहेर काडीची माणसं, लहान पोरं पाटीवर करतात तशी. त्यांना अ‍ॅक्टर म्हणायचं. ज्याला जे काम करता येतं त्याच्यापासून त्या लंबगोलापर्यंत एक रेघ. बस, एवढंच. रेघ आहे म्हणजे तो ते करतो. रेघ नाही म्हणजे सिस्टिमच्या लेखी तो ते कधीच करत नाही. सोमवारी शेडच्या वरच्या मजल्यावर, शेठच्या केबिनमधल्या मीटिंगमध्ये हे चित्र भिंतीवर पडलं होतं, आणि रणजीतशेठ उठून भिंतीपाशी गेले आणि अंगठीवालं बोट एका रेघेवर ठेवलं. ऑपरेटर नावाच्या काडीच्या माणसाकडून ती रेघ 'सेन्सर बंद करणे' ह्या लंबगोलाकडे जात होती. "ही पुसा," ते म्हणाले. आवाज चढा नव्हता. टेबलावर चहा सांडलाय, पुसा, असा होता. प्रोजेक्टरचा उजेड त्यांच्या हातावर पडत होता आणि हाताची सावली बरोबर ऑपरेटरवर. माणूस दिसेनासा झाला. 

"सेन्सर बंद करायचा अधिकार फक्त सुपरवायझरला आहे," शेठ म्हणाले. "ऑपरेटरला कोड माहीतच नाही." शेजारी बसलेला सुपरवायझर दिग्विजय मान हलवत होता. माझ्या वरच्या अपेक्षा मॅडम. त्यांनी लिहून घेतलं. "करते सर," म्हणाल्या. एवढंच झालं. कुणी ओरडलं नाही, कुणी धमकी दिली नाही. पण त्या क्षणापासून माझ्या उजव्या हाताच्या बोटांना काहीतरी झालंय. चहाचा ग्लास धरला की ती आहेत का, असं बघावंसं वाटतं.

कारण मी पाहिलं होतं. त्याच्या आदल्या आठवड्यात शॉप बघायला गेलो होतो. गेटवर खुर्ची टाकून शेठचे वडील यशवंतराव बसलेले असतात, सगळे आबा म्हणतात. मला थांबवून म्हणाले, "कुनाचा रं तू? चितरं काढायला आलाय म्हनं?" मी हो म्हटलं. "मंग माझं बी काढ की. हितं बसून बसून पार दगुड झालोय." मी हसलो आणि आत गेलो, आणि आत गेल्यावर हसू तिथंच राहिलं, कारण आवाज. प्रेस पडते तेव्हा आवाज कानात नाही, आधी पायात येतो. मग पोटात. आयटीआयनंतर अप्रेंटिस म्हणून मी वर्षभर असल्याच एका शॉपमध्ये होतो, पण लॅपटॉपच्या खुर्चीनं माझे पाय ते विसरलेत. खिडकीकडच्या प्रेसवर सुजित होता. सुजित माझा रूममेट, आयटीआयपासूनचा दोस्त, नांदेडकडचा. मी येणार हे त्याला माहीत होतं, तरी त्यानं नुसती भुवई उडवली, शेठच्या माणसांसमोर ओळख दाखवायची नाही असं आमचं ठरलं होतं. प्रेसवर काम कसं असतं तर पत्रा डायवर, म्हणजे खालच्या साच्यावर ठेवायचा, हात बाहेर, दोन्ही तळव्यांनी दोन बटणं दाबायची, वरचा जड भाग खाली येतो, पत्र्याचा ब्रॅकेट होतो. पुढ्यात उजेडाचा एक न दिसणारा पडदा असतो, सेन्सर. हात आत राहिला आणि तो पडदा तुटला की प्रेस जागच्या जागी थांबते. चांगली गोष्ट आहे. पण तेलाचा धूर आला, पत्र्याचं टोक आडवं आलं, बाही आली, तरी थांबते. सारखी थांबते. आणि थांबली की माल कमी पडतो आणि दिग्विजय येऊन उभा राहतो.

मी बघत होतो आणि सुजितनं काय केलं, डावा हात लांबवून पॅनेलवर चार आकडे दाबले. हिरवा दिवा गेला. त्यानं पत्रा ठेवला, काढला, ठेवला, काढला, एका लयीत, आणि एक बटण आधीच लाकडाच्या तुकड्यानं दाबून ठेवलेलं होतं, म्हणजे त्याचा एक हात मोकळा होता, आणि तो मोकळा हात आत जात होता आणि बाहेर येत होता आणि वरचा भाग खाली येत होता, आणि ह्या दोन गोष्टींच्या मध्ये जे होतं ते मला मोजता येत नव्हतं.  "काय बघायलास?" तो ओठ न हलवता म्हणाला. मी म्हटलं, कोड कुणी दिला? "द्यायला कशाला पाहिजे. शेठच्या गाडीचा नंबर हाय." आणि हे खरं होतं. शेठच्या गाडीचा, त्यांच्या भावाच्या गाडीचा, आबांच्या जुन्या जीपचा, नव्या टेम्पोचा, सगळ्यांचा एकच नंबर आहे, हौसेनं मागून घेतलेला. गेटवरच्या कमानीवर आहे. शेठच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर फोटोखाली आहे. गळ्यातल्या लॉकेटवरही आहे म्हणतात. त्या शेडमध्ये जो पहिल्या दिवशी गेटमधून आत येतो तो कोड वाचूनच आत येतो.

म्हणून मी ती रेघ ओढली होती. काही क्रांती म्हणून नाही. शिकताना हेच शिकलो होतो की जो करतो त्याच्यापासून रेघ. जो करायला पाहिजे त्याच्यापासून नाही. रेघ असती तर सॉफ्टवेअरवाल्यांना विचारावं लागलं असतं की ऑपरेटर सेन्सर बंद करतो तर मग तेव्हा प्रेसनं काय करायचं. तेव्हा प्रेस पूर्ण वेगानं पडू नये, इंचाइंचानं सरकावी, असं आम्हाला घालता येतं. अवघड नाही. पण रेघ नसेल तर हा प्रश्नच येत नाही. जे कुणी करतच नाही त्याचा बंदोबस्त कशाला?

हे मी कुठल्या कॉलेजात शिकलो नाही. अप्रेंटिस असताना जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकलो, एक कान इअरफोनला आणि एक कान भोंग्याला. मोशीच्या ह्याच खोलीत रात्रंदिवस तेच. सुजित स्वयंपाक करायचा, मी कांदासुद्धा चिरायचो नाही, आणि तो पोळी लाटता लाटता म्हणायचा, "चित्रकार, आमचं बी काढ एखादं." एकदा मी खरंच केलं. चौकट म्हणजे आमची खोली, लंबगोल म्हणजे पाणी भरणे, झाडणे, स्वयंपाक, भांडी, आणि बाहेर दोन काड्या, गणराज आणि सुजित. सगळ्या रेघा सुजितकडूनच निघत होत्या. माझ्याकडून एकच, जेवणे. तो इतका हसला की तव्यावरची पोळी करपली. त्या दिवसांत मला सगळंच असं दिसायचं. पीएमटीत बसलो की कंडक्टर, प्रवासी, तिकीट देणे. हॉस्पिटलात गेलो की पेशंट. डोळे मिटले तरी काडीची माणसं चौकटीबाहेर उभी. आता वाटतं, त्या माणसांकडे मी कधी नीट बघितलंच नव्हतं. एक गोल, एक उभी रेघ, दोन तिरक्या पाय म्हणून, आणि एक आडवी. हात म्हणून एक आडवी रेघ, दोन्ही बाजूंनी नुसती संपते. पंजा नाही.

रंगरावमामांचा पंजा अर्धा होता. लांडेवाडीला आम्ही त्यांच्याच शेजारी राहायचो. उजव्या हाताची मधली बोटं नव्हती. लहानपणी मला त्यात वावगं काही वाटायचं नाही, आमच्या चाळीत असे हात बरेच होते, कुणाचा अंगठा, कुणाची करंगळी. पोरं क्रिकेट खेळताना अंपायर म्हणून मामांना उभं करायची आणि मामा षटकार दाखवायला हात वर करायचे तेव्हा ओरडायची, मामा, नीट सांगा, किती रन? मामापण हसायचे. तंबाखू मळताना अंगठा तळव्यावर फिरायचा, आणि जिथं बोटं पाहिजेत तिथं तो क्षणभर अडायचा आणि मग उरलेल्या जागेवरून पुढं जायचा. तो अडणारा अंगठा मला अजून दिसतो. मामांच्या कंपनीनं अपघातानंतर लिहून घेतलं होतं की मशीनची हात अडवणारी जाळी त्यांनी स्वतः काढली, सांगितलेलं नसताना. आईला मामी सांगायची की जाळी तर कुणीच लावायचं नाही, लावली तर फोरमन शिव्या द्यायचा. पण मामा स्वतः काय सांगायचे? "माझीच चूक व्हती. मीच काढली व्हती जाळी." आधी सहीपुरतं म्हणाले असतील. मग म्हणून म्हणून त्यांना ते खरंच वाटायला लागलं. मलाही वाटायचं. शाळेतल्या निबंधात मी लिहिलं होतं की माझ्या मामांनी निष्काळजीपणा केला, आणि बाईंनी त्याखाली छान लिहिलं होतं.

मंगळवारी सकाळी मी सुजितला सांगितलं की शेठ रेघ पुसा म्हणतायत आणि मी पुसणार नाही. तो दाढी करत होता. आरशातूनच माझ्याकडे बघितलं. "पुस," म्हणाला.

"अरे पण तूच तर..."

"मी काय? मी काय बोललो? गण्या, त्या दिवशी तू माझ्याच प्रेसपाशी उभा होतास. सगळ्या शेडनं बघितलंय. आता तू रेघ ओढणार, आणि शेठ विचारणार कुणाला बघितलंस. म्हणजे काय, ऑपरेटर म्हणून खाली माझंच नाव लिहिल्यावाणी झालं की."

"नाव नसतं त्यात."

"तुमच्यात नसतं. आमच्यात असतंय." त्यानं रेझर पाण्यात बुडवला. "पुढच्या महिन्यात माझं कॉन्ट्रॅक्ट संपायलंय. नवं झालं तर लग्नाची तारीख. विजयश्रीच्या बापानं सरळ सांगितलंय, कंपनीत असला तर पोरगी. मला काढलं तर दुसरीकडं बी घेत नाहीत गड्या, हे सगळे शेठ एकमेकांचे पाहुणे हायत. तुझी रेघ तुझ्यापाशी ठेव. माझं नाव नको येऊ देऊ."

 त्याच्या गालावर फेस होता आणि फेसातून रेझरची वाट सरळ खाली येत होती, आणि मी त्याचा हात बघत होतो. सगळी बोटं. रेझर धरलेली दोन, तिसरं वर उचललेलं, कपातून चहा पिताना काही लोक करंगळी उचलतात तसं. ह्याला नोकरी पाहिजे. मला ह्याची बोटं पाहिजेत. दोन्ही एकाच माणसाचं आहे आणि दोन्ही एकत्र मागता येत नाही, हे मला तेव्हा कळलं.

बुधवारी दुपारी चारला परत मीटिंग. मी रेघ पुसली नव्हती. अपेक्षा मॅडमनी सकाळी विचारलं होतं, झालं का, आणि मी हो म्हटलं होतं. का म्हटलं माहीत नाही. भिंतीवर चित्र आलं आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं.  पेनाचं टोपण लावलं, काढलं, लावलं.

"रेघ अजून आहे," रणजीतशेठ म्हणाले.

"सर, मी शॉपमध्ये बघितलंय," मी म्हटलं.  "सेन्सर ऑपरेटर बंद करतात."

"कोण?"

"ऑपरेटर."

"नाव सांगा ना."

"सर, ह्यात नाव नसतं. अ‍ॅक्टर म्हणजे एक माणूस नाही. भूमिका असते. ऑपरेटर म्हणजे कुणीही..."

"भूमिका." शेठनी दिग्विजयकडे मान वळवली. "आपल्याकडे भूमिका कुठल्या प्रेसवर असते रे?"

"कँटीनला असल साहेब," दिग्विजय म्हणाला. दोघं हसले. मॅडमपण थोड्या हसल्या, हसावं लागतं म्हणून.

"हे बघा भाऊ," शेठ म्हणाले. आता ते हसत नव्हते, पण रागावलेलेही नव्हते. समजावून सांगत होते. "माझ्या शॉपमध्ये माणसं काम करतात. नाव, गाव, आधार कार्ड असलेली. तुम्ही म्हणता एकानं सेन्सर बंद केला. नाव सांगा, आत्ता इथं बोलावतो. खोटं निघालं तर रेघ पुसा. खरं निघालं तर तो उद्यापासून येणार नाही, मग तरी रेघ कशाला पाहिजे?"

 मी भिंतीकडे बघितलं. भिंतीवरचा ऑपरेटर आडवा हात करून उभा होता, कुणी अडवल्यासारखा. खालून प्रेसचे आवाज येत होते, धप, धप, आणि त्यातला कुठला सुजितचा ते मी ओळखायचा प्रयत्न करत होतो, आणि तेवढ्यात दिग्विजय कपाळ खाजवत म्हणाला, "साहेब, त्या दिवशी हे खिडकीकडच्या प्रेसपाशी होते बराच वेळ. तिथं आपला तो..." तो नाव आठवत होता. सुजितचं आडनाव त्याच्या ओठांवर येताना मला दिसत होतं. वरचा भाग खाली येताना दिसतो तसं.

"मी केला," मी म्हटलं.

"काय?"

"सेन्सर. मी बंद केला. होतो का ते बघायला."

"कोड कुणी दिला तुम्हाला?"

"कुणी नाही. खाली तुमची गाडी उभी आहे."

 शेठ खिडकीपाशी गेले, खाली बघितलं, स्वतःचीच गाडी पहिल्यांदा बघितल्यासारखं. मग हसले. मनापासून हसले, दिग्विजयच्या पाठीत एक घातली. "बघ, बाहेरचं पोरगं येऊन सेन्सर बंद करून जातंय." आणि हसता हसताच थांबून मला म्हणाले, "माझ्या मशीनला हात लावलात तुम्ही. परत गेटच्या आत दिसायचं नाही. कोड मी आजच बदलतो. म्हणजे ऑपरेटरला माहीत असायचा प्रश्न संपला. आता पुसा." मॅडमनी लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. मी रेघेवर क्लिक केलं, ती निळी झाली, आणि मी बटण दाबलं. एकाच बोटानं. आवाजसुद्धा झाला नाही. 'सेन्सर बंद करणे' पाशी आता एकटा सुपरवायझर होता आणि चित्र आधीपेक्षा खरंच सुबक दिसत होतं. शुक्रवारी अकराला शेवटची मीटिंग, त्यात शेठ सही करणार, असं ठरलं.

परत येताना मी मॅडमच्या गाडीत होतो. कुरुळीला ट्रेलरच्या मागं अडकलो. "खरंच तू केलास?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. "शेठशी खोटं बोल, माझ्याशी नको बोलूस," त्या म्हणाल्या, आणि गाण्याचा आवाज वाढवला. आणि आता जे लिहितोय ते लिहायला सगळ्यात जड जातंय. मला बरं वाटत होतं. खिडकीतून वारा येत होता आणि मला स्वतःचं कौतुक वाटत होतं. दोस्ताला वाचवलं. अंगावर घेतलं. संध्याकाळी मोशीच्या चौकात एकट्यानं मिसळ खाल्ली, दोनदा रस्सा मागून घेतला. सुजित सेकंड शिफ्टला होता, त्याला फोनसुद्धा केला नाही, आपोआप कळेल आणि तो येऊन काहीतरी म्हणेल असं वाटत होतं. काय म्हणेल ते मी मनात दोन-तीन प्रकारे म्हणूनही बघितलं.

आज गुरुवार, चाकणच्या कंपन्यांची सुट्टी. त्याचा आठवड्याचा एक दिवस आणि माझा रविवार, त्यामुळे एका खोलीत राहून आम्ही दिवसाउजेडी फारसे भेटत नाही. मी दुपारीच ऑफिसातून निघून आलो. तो गॅलरीत बसून कपडे घासत होता. मला बघून म्हणाला, "आलास काय? दिग्विजयनं सांगितलं सगळ्या शेडला, लई हसायलते. गाडीचा नंबर म्हणे." मी वाट बघत होतो. तो हात पुसत उठला आणि खुंटीवरच्या पिशवीतून एक हातमोजा काढून माझ्या पुढ्यात टाकला. काम करायचा, जाड, पांढरा. मधल्या दोन बोटांची टोकं कागदासारखी चपटी झाली होती. तेलाचा काळा डाग, आणि कापडावर डायची नक्षी उमटलेली. मी तो उचलला नाही.

"काल रात्री," सुजित म्हणाला. "बोट नव्हतं त्यात. कॉन्ट्रॅक्टवाल्याला एकच साइज देतेत, मोठी. टोकं रिकामी ऱ्हातेत. म्हणून." त्यानं स्वतःचं मधलं बोट दुसऱ्या हाताच्या चिमटीत धरलं होतं आणि ते त्याच्या लक्षात नव्हतं.

"सेन्सर..."

"बंद होता. नवा कोड आला, तासाभरात दिग्विजयनंच सांगितला. म्हणाला सारखं सारखं कोण येईल दाबायला." तो बाजेवर बसला. "मोजा गेला तेव्हा बोलावलं त्याला. तो काय म्हणाला माहीत हाय का? हातमोजे घालून प्रेसवर बसायचं नसतंय, तुला माहीत नाही का? आणि म्हणाला, आणि सेन्सर कसा बंद रे, तुला कोड कुणी दिला? हसला नाही. मला वाटलं गंमत करायलाय. नाही. तो आत्तापासूनच म्हणून बघायलता. कसं म्हणायचं ते."

रस्त्यावरून पाण्याचा टँकर चालला होता, त्याचा आवाज जाईपर्यंत तो थांबला.

"गण्या, तू माझ्यासाठी केलंस ते कळालंय मला. पण तू काय केलंस बघ. माझा हात खरंच गेला असता, तर मी कुणाला सांगितलं असतं? एक माणूस होता ज्यानं बघितलं होतं की आम्हीच बंद करतो, सगळेच करतेत, आणि कोड सगळ्यांना माहीत हाय. तो तू. आणि तू काल सगळ्यांसमोर सांगितलंस की तू काहीच बघितलं नाहीस, तूच केलंस. आता कागदावर ऑपरेटर सेन्सर बंद करतच नाही. म्हणजे मी चोरून केला. माझीच चूक."

माझीच चूक. तो नांदेडचा, मामांना त्यानं कधी बघितलेलं नाही, तरी शब्द तेच, वाक्याचा उतारही तोच. मला एकदम कळलं की मामा हे वाक्य कुठून शिकले होते. ते त्यांचं नव्हतंच. अगोदरच कुणीतरी त्यांच्यासाठी करून ठेवलं होतं, एक जागा मोकळी सोडून, आणि काल त्याच नमुन्याचं वाक्य मी सुजितसाठी करून ठेवलं, एका बोटानं, आणि वर मिसळ खाल्ली. मी खाली बसलो. बाजेच्या पायापाशी तो मोजा पडला होता, तळवा वर करून.

"मग काय करू?" मी विचारलं.

"रेघ परत ओढ."

"शेठ नाव विचारणार."

"विचारू दे. सांग. उद्यापासून माझी फर्स्ट शिफ्ट हाय, मी खालीच असतो."

"आणि कॉन्ट्रॅक्ट? लग्न?"

त्यानं मोजा उचलून परत पिशवीत टाकला. मग म्हणाला, "विजयश्रीला फोन लावलता सकाळी. मोज्याचं सांगितलं. ती म्हणाली, नोकरी दुसरी बघता येईल." थोडा हसला. "तिच्या बापाचं तीच बघणार म्हणे. आपल्याला तेवढं कुठं जमतंय." मग हसू गेलं. "पण तू सांगितलंस तरच मी सांगणार. मला एकट्याला खालून बोलावून विचारलं ना, तर मी नाही म्हणेन. मला माहीत हाय मी नाही म्हणेन. पाय कापतेत लेका त्यांच्या केबिनमध्ये. तू आधी बोललास तर जमंल."

त्याचा हात बाजेवर होता, माझ्यापासून वीतभर. मला तो धरावासा वाटला आणि धरला नाही, आमच्यात तसं नसतं. मला गेटच्या आत घेणार नाहीत, तर मॅडमना आजच फोन करून खरं सांगावं लागेल, आणि त्यांच्या लॅपटॉपवर व्हिडिओ कॉल करून भिंतीवर दिसावं लागेल, आणि चित्रात रेघेबरोबर ती दुसरी गोष्टही घालावी लागेल, सेन्सर बंद असेल तेव्हा प्रेसनं इंचाइंचानंच सरकायचं, आणि शेठ म्हणतील माल कोण काढणार, आणि कदाचित काम आमच्याकडून काढून घेतील, आणि मग मॅडम गाण्याचा आवाज वाढवणार नाहीत, सरळ सांगतील, येऊ नकोस. हे सगळं मी मनात एकेक करून बघत होतो. सुजित माझ्याकडे बघत होता. घाई करत नव्हता.

"उद्या अकराला," मी म्हटलं, "आधी सांगतो की मी खोटं बोललो. मग सगळ्यांसमोर रेघ ओढतो. मग त्यांनी विचारलं की तुझं नाव घेतो, आणि तू वर येईपर्यंत भिंतीवरून हलत नाही. शब्द देतो तुला, सुजित."